प्रोग्राम अडकणार की थांबणार, हे आधीच सांगणारं टूल बनवता येतं का?

कोडगा (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न कामातला आहे, पण ऑफिसात हा विषय काढला की लोक चहाला निघून जातात, म्हणून इथे टाकतोय.

आमचं सॉफ्टवेअर कर्जाच्या हिशेबाचं. व्याजदर बदलला की रात्री बॅच चालते आणि प्रत्येक खात्याचे किती हप्ते उरले ते काढते. परवा ही बॅच एका खात्यावर ठाण मांडून बसली. सीपीयू शंभर टक्के, लॉगमध्ये नवी ओळ नाही. पहाटे कोणीतरी प्रोसेस मारली तेव्हा सुटका झाली. सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेबांचं फर्मान निघालं: कोड मर्ज व्हायच्या (मुख्य कोडमध्ये मिसळायच्या) आधीच तो कुठे अडकणार का, हे सांगणारं टूल बनवा. मी म्हटलं, सर, असं टूल बनूच शकत नाही, गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९३६ साली ते सिद्ध करून ठेवलंय. त्यावर "कारणं नकोत, सोल्यूशन द्या."

हॉल्टिंग प्रॉब्लेम (दिलेला प्रोग्राम थांबेल का, हा प्रश्न) कॉलेजात घोकला होता, पेपरात उतरवलाही होता. पण रोजच्या कामात त्याचा नेमका अर्थ काय घ्यायचा? ट्युरिंगचं नाव घेऊन हात वर करायचे का?

रिकामटेकडा

टाइमआउट लावा. दहा मिनिटांत नाही संपलं तर मारा. ट्युरिंगला कशाला उठवताय?

कोडगा

टाइमआउट आहे हो, पण पूर्ण बॅचला. एकेका खात्याला नाही. आणि मारलेल्या खात्याचा हिशेब कोण करणार, तुम्ही?

चकवा

ज्यांनी घोकला नव्हता त्यांच्यासाठी आधी सिद्धता, म्हणजे पुढची चर्चा हवेत होणार नाही.

समजा "थांबेल_का" नावाचा सर्वज्ञ प्रोग्राम आहे. त्याला कुठलाही प्रोग्राम आणि त्याचा इनपुट द्या, तो हो किंवा नाही सांगतो आणि कधीच चुकत नाही. त्याच्या जिवावर मी एक उपद्व्यापी प्रोग्राम लिहितो:

चक्रम(प):
  जर थांबेल_का(प, प) = हो, तर कायम फिरत राहा
  नाहीतर थांब

आता चक्रमला चक्रमचाच कोड खायला घालायचा. सर्वज्ञ म्हणाला "थांबेल", तर चक्रम फिरत बसतो. म्हणाला "नाही थांबणार", तर तो तिथल्या तिथे थांबतो. काहीही उत्तर दिलं तरी सर्वज्ञ खोटा पडतो. म्हणजे असा प्रोग्राम असू शकत नाही. संपलं.

१९३६ चा मूळ पेपर वाचायला जड आहे, सगळं त्याच्या काल्पनिक, फितीवर वाचत-लिहीत चालणाऱ्या यंत्रांच्या तपशिलात दडलंय. वरची सुटसुटीत मांडणी पुढे ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९६५ साली कॉम्प्युटर जर्नलला पाठवलेल्या छोट्याशा पत्रात आली. त्यांनी तिथेच लिहिलंय की याची एक सिद्धता १९५३ मध्ये रेल्वेच्या डब्यात खुद्द ट्युरिंगने तोंडी सांगितली होती, पण तिचे तपशील ते विसरून गेले.

बांधकाम्या

मी सिव्हिलवाला, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी. पण हा मला शब्दच्छल वाटतो. स्वतःलाच गिळणारा प्रोग्राम कोण लिहितं? आमच्याकडे कोणी म्हणालं की पूल पडेल का हे सांगणं तत्त्वतः अशक्य आहे, तर त्याला साइटवरून हाकलतील.

दुसरं, खऱ्या कॉम्प्युटरची मेमरी मर्यादित असते. कधीतरी तीच अवस्था पुन्हा येणारच. आली की समजायचं, हा आता गोल फिरतोय. मग अशक्य कुठे राहिलं?

चकवा

दुसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर. ट्युरिंगच्या यंत्राची फीत (म्हणजे त्याची मेमरी) हवी तितकी लांबते, तुमच्या लॅपटॉपची लांबत नाही. त्यामुळे लॅपटॉपसाठी प्रश्न तत्त्वतः सुटतो. फक्त हिशेब बघा: ८ जीबी रॅम म्हणजे सुमारे ६,८७२ कोटी बिट. त्यांच्या शक्य अवस्थांची संख्या नुसती लिहायची म्हटली तरी ती २० अब्जांहून अधिक अंकी होते. पुनरावृत्ती होईपर्यंत वाट बघायला सूर्य पुरणार नाही. "मर्यादित आहे म्हणून सोपं आहे" हा युक्तिवाद इथे कोसळतो.

शब्दच्छलाबद्दल: स्वतःला गिळणारा प्रोग्राम फक्त सिद्धतेपुरता लागतो. अवघड प्रोग्राम मात्र साधेसुधे दिसतात. हा घ्या: ४ पासून एकेक सम संख्या घे, ती दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून मांडता येते का बघ, आली तर पुढची घे, नाही आली तर थांब. कॉलेजचं पोरगं वीस ओळींत लिहील. हा थांबेल का? म्हणजेच गोल्डबाखचं अनुमान खोटं आहे का? १७४२ सालापासून कोणाला माहीत नाही. ४ वर अठरा शून्यं इतक्या आकड्यापर्यंत तपासून झालंय, अजून थांबलेला नाही. सर्वज्ञ प्रोग्राम असता तर त्याला एवढं एकच विचारून मोकळे झालो असतो.

देवळालीकर

निवृत्त गणित शिक्षक. आमच्या गावचं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली ६१७४ चा शोध लावला. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. त्यांच्या शोधाचंच साल घेऊन बघू:

९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

सात पायऱ्या. कुठलीही संख्या घ्या, सातपेक्षा जास्त लागतच नाहीत. "६१७४ येईपर्यंत चालू ठेव" हा लूप थांबतो हे आपल्याला ठाऊक आहे, कारण चार अंकी संख्या दहा हजारांच्या आत, सगळ्या तपासता येतात. हीच कृती दोन अंकांवर करा: ८१, ६३, २७, ४५, ०९, पुन्हा ८१. इथे "एक आकडा स्थिरावेपर्यंत" असा लूप लिहिलात तर गेलात कामातून. तरी तोही तपासून कळतो.

आता दुसरी कृती. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवा, १ आला की थांबा. २७ घेऊन बसलात तर १११ पायऱ्या, वाटेत ९,२३२ पर्यंत चढाई. प्रत्येक संख्या शेवटी १ वर येते का? हे कोलाट्झचं अनुमान, अजून सुटलेलं नाही. इथे तपासायची यादी संपत नाही, आणि संख्या कमी होत जाते असंही म्हणता येत नाही, ती वरखाली उड्या मारते. मुलांना मी हे दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखवायचो. दिसायला दोन्ही लूप सारखेच.

रिकामटेकडा

सर, १९४९ घेऊन बरोब्बर सात पायऱ्या आल्या, हे आधी बघून ठेवलं होतं ना? 😄

देवळालीकर

अर्थात. शिक्षक फळ्यावर जाण्याआधी गणित सोडवून बघतो.

सौदामिनी

कोडगा, जरा स्पष्टच लिहिते, राग मानू नका. मॅनेजर तपशिलात चुकत असेल, पण तुमचं उत्तरही त्याच्या प्रश्नाचं उत्तर नाही. प्रोग्राम तपासणारी टूलं हेच माझं काम आहे आणि "हॉल्टिंग प्रॉब्लेम आहे, सबब होणार नाही" हे वाक्य दर महिन्याला कानावर येतं.

ट्युरिंगने दार लावलं ते एकाच गोष्टीला: कुठलाही प्रोग्राम द्या, प्रत्येक वेळी हो किंवा नाही, आणि चूक कधीच नाही. "माहीत नाही" असं तिसरं उत्तर देण्याची मुभा दिलीत की ही सिद्धता आडवी येत नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की "माहीत नाही" किती वेळा म्हणावं लागतं. तुमच्या कंपनीत कोणी गोल्डबाख किंवा कोलाट्झ लिहीत नाही. तिथे नव्वद टक्के लूप म्हणजे यादीतून एकेक ओळ उचलणं.

लोकांनी हे केलेलंही आहे. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधन शाखेत बायरन कुक आणि सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमाराला टर्मिनेटर नावाचं टूल बनवलं, विंडोजच्या डिव्हाइस ड्रायव्हरांसाठी (उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रामांसाठी). ड्रायव्हर अडकला की अख्खं मशीन अडकतं, म्हणून गरज होती. ते सिद्धता शोधतं, किंवा अडकण्याची वाट दाखवतं, किंवा जमलं नाही म्हणून सांगतं.

लिनक्सवाल्यांनी उलटा रस्ता धरला. कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) बाहेरून ईबीपीएफ प्रकारचा प्रोग्राम घालता येतो, पण दारावर व्हेरिफायर, म्हणजे तपासनीस, उभा. सुरुवातीला लूपलाच बंदी होती. २०१९ मध्ये ५.३ आवृत्तीपासून लूप चालतात, पण व्हेरिफायर स्वतः सगळ्या वाटा चालून बघतो, आणि दहा लाख सूचनांच्या आत पटलं नाही तर परत पाठवतो. यात बिनचूक प्रोग्रामही परत जातात आणि लोक बोटं मोडतात. तरी "शंका आली तर नको" हे धोरण तिथे योग्यच आहे असं माझं मत. दुसऱ्याच्या कर्नलमध्ये शिरायचं तर पुरावा तुम्हीच द्यायचा.

गंमत म्हणजे एकेका प्रोग्रामचं थांबणं कसं सिद्ध करायचं, हेही ट्युरिंगनेच सांगितलंय. जून १९४९ मध्ये केंब्रिजच्या परिषदेत त्याने छोटा पेपर वाचला: प्रत्येक फेरीला कमी होत जाणारी एक राशी दाखवा, जी कायम कमी होत राहू शकत नाही. टर्मिनेटरच्या मुळाशी हीच कल्पना आहे. देवळालीकर सर, तुमच्या कापरेकरांचंच साल!

तर तो अडकलेला लूप टाका इथे. नावं गाळून.

मीनलोचनी

सौदामिनीताईंच्या "राशी"चं उदाहरण. मायक्रोसॉफ्टचा झून नावाचा म्युझिक प्लेअर होता. ३१ डिसेंबर २००८ ला त्याचं ३० जीबीचं मॉडेल जगभर एकाच दिवशी गोठलं. घड्याळाच्या कोडमध्ये दिवसांच्या आकड्यावरून वर्ष काढणारा हा लूप होता:

जोपर्यंत (दिवस > ३६५)
  जर लीप वर्ष असेल
    जर (दिवस > ३६६)
      दिवस = दिवस − ३६६
      वर्ष = वर्ष + १
  नाहीतर
    दिवस = दिवस − ३६५
    वर्ष = वर्ष + १

२००८ लीप वर्ष. ३१ डिसेंबर हा ३६६ वा दिवस. ३६६ हा ३६५ पेक्षा मोठा, म्हणून आत शिरला. लीप वर्ष आहे, पण ३६६ हा ३६६ पेक्षा मोठा नाही, म्हणून काहीच घडलं नाही. पुन्हा वर. लोकांना सांगण्यात आलं की बॅटरी उतरू द्या आणि १ जानेवारीला दुपारनंतर चालू करा.

"दिवस" ही राशी सगळ्या वाटांनी कमी होते, एक वाट सोडून. टूलला तेवढी एक वाट पकडायची असते.

रिकामटेकडा

एवढं कशाला, कोड एआयला दाखवा आणि विचारा थांबतो का. सेकंदात सांगतो.

चकवा

तोही प्रोग्रामच, त्यामुळे चक्रमपुढे तोही हरणार. अंदाज चांगला बांधतो हे मान्य. पण रात्रीच्या बॅचला अंदाज पुरत नाही. राशी सुचवायचं काम त्याला द्या, ती खरंच घटते का हे दुसऱ्या कोणीतरी तपासू दे.

बांधकाम्या

बरं, "माहीत नाही" पटलं. पण मग असं नाही का करता येणार: एका टूलला नाही जमलं तर दुसरं, दुसऱ्याला नाही तर तिसरं, अशी फौज उभी करायची?

चकवा

नेमकं हेच केलंय लोकांनी, आणि अलीकडेच! टिबॉर राडो या गणितज्ञाने १९६२ मध्ये एक खेळ मांडला. ठरावीक अवस्थांची ट्युरिंग यंत्रं घ्या, कोऱ्या फितीवर सोडा, जी थांबतात त्यांतलं सगळ्यात जास्त पावलं कोण चालतं? पाच अवस्थांची यंत्रं भरतात सुमारे १६ लाख ६८ हजार कोटी. १९८९ मध्ये मार्क्सेन आणि बंट्रोक या जोडीला ४,७१,७६,८७० पावलं चालून थांबणारं यंत्र सापडलं. तोच उच्चांक आहे हे म्हणायला बाकीची सगळी एकतर त्याच्या आत थांबतात किंवा कधीच थांबत नाहीत, हे दाखवायला हवं. २०२४ मध्ये इंटरनेटवर जमलेल्या हौशी मंडळींनी ते केलं आणि कॉक या सिद्धता-तपासनिसातून पास करून घेतलं. पद्धत तुमचीच: एक गाळणी गोल फिरणारी यंत्रं पकडते, दुसरी एका दिशेला सरकत जाणारी, उरलेल्यांना तिसरी, आणि अगदी थोड्या हट्टी यंत्रांसाठी हाताने सिद्धता.

सहा अवस्थांना मात्र गाडी अडली. तिथे एक यंत्र सापडलंय, अँटीहायड्रा म्हणतात, ते आतून कोलाट्झच्याच जातीचं निघालं. ते थांबतं का हे ठरवायचं गणितच आज कोणाकडे नाही.

देवळालीकर

अप्रतिम माहिती. वाखु (वाचनखूण) साठवली.

कोडगा

सौदामिनी, राग कसला, लिहा बिनधास्त. हा लूप, नावं बदलून:

हप्ते = ०
जोपर्यंत (शिल्लक > ०)
  व्याज = शिल्लक × दर ÷ १२
  शिल्लक = शिल्लक − (हप्ता − व्याज)
  हप्ते = हप्ते + १

पाच वर्षं चालतोय, कधी तक्रार नाही. अडकलेलं खातं नवीन गृहकर्जाचं आहे, एवढं सांगू शकतो.

सौदामिनी

बघा, राशी तुमच्या डोळ्यासमोर आहे: शिल्लक. ती कमी होते कधी? हप्ता व्याजापेक्षा मोठा असेल तेव्हाच. ही अट तुमच्या कोडमध्ये कुठेच लिहिलेली नाही, ती गृहीत धरलीय. टर्मिनेटरच्या जातीचं कुठलंही टूल पहिलं बोट इथेच ठेवेल.

आकड्यात बघू. ५० लाख, ६.७ टक्के, ३० वर्षं: हप्ता सुमारे ३२,२६४ रुपये. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.२ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर पहिल्या महिन्याचं व्याजच ३८,३३३. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज सहा हजारांनी वाढलं. पुढच्या महिन्यात त्याहून जास्त. शिल्लक फ्लोटमध्ये (६४ बिटांच्या अपूर्णांकी आकड्यात) असेल तर ९० हजारांच्या आसपास फेऱ्यांनंतर ती "अनंत" होते, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. आणि अनंत हे शून्यापेक्षा मोठंच. उरलेली रात्र तुमचा सर्व्हर अनंतातून हप्ता वजा करत होता.

उलट बाजूने, ९ टक्के आणि हप्ता ४०,००० असेल तर पहिल्या महिन्यात २,५०० मुद्दल फिटते. शिल्लक घटली की व्याज घटतं, म्हणजे पुढे दर महिन्याला २,५०० किंवा त्याहून जास्तच फिटणार. ५० लाख भागिले २,५००, जास्तीत जास्त २,००० फेऱ्या. प्रत्यक्षात ३७२ लागतात, पण थांबतं हे सिद्ध करायला ढोबळ मर्यादा पुरते.

पासबुक

बँकेतला माणूस म्हणून भर घालतो. रेपो दर मे २०२२ मध्ये ४ टक्क्यांवरून चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ झाला. त्या काळात बऱ्याच ठिकाणी हप्ता न वाढवता मुदत लांबवली गेली. तेव्हा ताईंनी मांडलेलं गणित पुस्तकातलं नाही, असे कर्जदार खरेच होते. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं: दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्या, आणि मुदत लांबवताना हप्त्यातून व्याजही निघत नाही अशी वेळ येऊ देऊ नका. म्हणजे कोडगा, तुमचा लूप अडकला तेव्हा सर्व्हरची तक्रार दुय्यम आहे. त्या खात्याला मुळात हा हप्ता कसा लागला, ते आधी बघा.

कोडगा

हे कंप्लायन्सला (नियमपालन विभागाला) कळवावं लागणार असं दिसतंय.

सौदामिनी, मग लूपच्या आधी "हप्ता > व्याज" तपासलं की झालं? आणि एक सीनियर म्हणतोय की कमाल ६०० हप्त्यांची मर्यादा घाला, म्हणजे लूप थांबणारच, बाकी काही नको.

सौदामिनी

तीन गोष्टी बघा.

नुसतं "कमी होतं" पुरत नाही. उरलेल्याचं दर वेळी निम्मं फेडणाराही कमी कमीच होत जातो, पण शून्यावर पोचत नाही. तुमच्या लूपमध्ये घट वाढत जाते म्हणून निभावतं, पण उद्या कोणी सूत्र बदललं की हा आधार गेला. रक्कम पूर्णांक पैशांत ठेवा. मग प्रत्येक फेरीला किमान एक पैसा घटतो एवढं दाखवलं की काम फत्ते, आणि फ्लोटच्या भानगडीही संपतात.

दर लूपच्या मध्येच बदलत असेल तर सुरुवातीची तपासणी पुढे लागू राहत नाही. जिथे दर बदलतो त्या प्रत्येक जागी ती पुन्हा हवी.

सीनियरची मर्यादा जरूर घाला, पण ६०० ला पोचल्यावर काय करायचं ते त्याला विचारा. तिथे गुपचूप बाहेर पडून "उरलेले हप्ते ६००" असं छापलंत, तर ग्राहकाच्या हातात खोटा कागद जाईल. मर्यादा गाठली की खातं बाजूला काढा, त्रुटी नोंदवा आणि बॅच पुढे जाऊ द्या.

मॅनेजरसाठी: मर्ज करताना चालणारा साधा नियम लिहा. "यादीतून एकेक" प्रकारचे लूप आपोआप पास. बाकी प्रत्येक "जोपर्यंत" लूपवर लिहिणाऱ्याने घटणारी राशी टिपेत नमूद करायची आणि ती डीबग बिल्डमध्ये (चाचणीच्या आवृत्तीत) खरोखर घटते का ते तपासायचं. राशी लिहिता येत नसेल तर लूप परत. दोन-तीन आठवड्यांचं काम आहे, पार्सर (कोड वाचून त्याचे भाग वेगळे करणारी टूलं) तयार मिळतात. कोणत्या भाषेत आहे तुमचा कोड?

कोडगा

जावा. आणि थोडं कोबोल, पण ते कोणी उघडत नाही.

सौदामिनी

जावासाठी लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. कोबोलमध्ये "परफॉर्म अन्टिल" शोधा, बरेचसे लूप तिथे सापडतील. ते आधी उघडा.